रुग्ण क्रमांक सात, भोपळा

दस्तगीर शिकलगारांच्या डाव्या कानाचं ऑपरेशन झालं, झकास झालं, आणि तेराव्या दिवशी त्यांना कळलं की आपल्या कारखान्यातला पंखा कुरकुरतो.

हे वाचलं असलंत तर विसरून जा. कृष्णाकाठ रुग्णालयाच्या नोंदीप्रमाणे असं कोणतंही ऑपरेशन झालेलं नाही. त्या दिवशी त्यांच्या कानातला फक्त मळ काढला. ज्या हाडाचं ऑपरेशन झालं म्हणून तुम्ही आत्ता वाचलंत, ते हाड दस्तगीरचाचांना नाहीच. त्यांनाच काय, मिरजेतल्या चारशे बारा माणसांना नाही. नसलेल्या हाडाच्या ऑपरेशनला फॉर्मात रकाना नाही. तेव्हा आपणही ते झालंच नाही असं धरू आणि अजून काही बिघडलं नव्हतं तिथून सुरू करू. तेव्हा फक्त सात मुलांनी तबस्सुमला नकार दिला होता.

तबस्सुम ही दस्तगीरचाचांची मुलगी. वय अठ्ठावीस, कृष्णाकाठ रुग्णालयात सीटी स्कॅनची टेक्निशियन. पहिल्या मुलाला ती उंच वाटली. दुसऱ्यालाही उंच वाटली, पण त्याने तिला बसलेलीच पाहिली होती. तिसऱ्याच्या आईने विचारलं, "एवढ्या किरणांत काम करते, तर अंधारात चमकत वगैरे नाही ना?" तबस्सुम म्हणाली, "चमकते, पण फक्त लाइट गेल्यावर." ते स्थळ तिथेच संपलं. चौथा, पाचवा, सहावा असेच काही ना काही सांगून गेले. सातवा स्वतः आलाच नाही. इचलकरंजीहून त्याची आई आणि मामा आले, दोन-दोन प्लेट शिरा खाल्ला, आणि मामा चपला घालता घालता म्हणाले, "कळवतो." त्याला आता आठ महिने झाले होते. अम्मी अजून फोन वाजला की आधी हात पुसायची.

सन २०३३ मध्ये रुग्णालयात नवं यंत्र आलं. जुनं सीटी स्कॅन यंत्र म्हणजे लग्नाला किती माणसं आली हे एकूण गलक्यावरून सांगणारा काका. शरीरातून पार होऊन आलेल्या क्ष-किरणांचा आधी उजेड व्हायचा, उजेडाची वीज व्हायची, आणि त्या सगळ्या गोंधळाची एकच बेरीज हाती यायची. नवं यंत्र मांडवाच्या दारात यादी घेऊन बसलेल्या मामीसारखं होतं. क्ष-किरणाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, येऊन आदळला की ते मोजायचं: हा एक आला, हा दुसरा आला, आणि कोण किती जोरात आला. कुणी सुटत नसे.

पण मामी कितीही दक्ष असली तरी पाहुणेच कमी आले तर ती काय करणार? टेबलावर पोतंभर भडंग पसरलं तर टेबल सगळीकडे सारखंच झाकलं जातं. मूठभर उधळलं तर कुठे पाच दाणे, कुठे दोन, कुठे काहीच नाही. फोटॉनांचं तसंच आहे. किरणं भरपूर सोडली तर चित्र नितळ येतं, पण ती माणसाला बाधतात. किरणं चाळीसपट कमी केली तर माणूस सुखी, पण चित्र सहापट दाणेदार होतं, जसं काही कुणी त्यावर रवा सांडलाय. ह्या रव्याला नॉइज म्हणतात. तो पुसण्यासाठी पुण्याच्या एका कंपनीने सॉफ्टवेअर केलं होतं. त्याचं नाव निर्मळ.

निर्मळला आधी शिकवावं लागायचं. एकाच डोक्याची दोन चित्रं दाखवायची, एक कमी किरणांचं दाणेदार आणि एक भरपूर किरणांचं स्वच्छ. अशा शेकडो जोड्या पाहिल्या की पहिल्यातलं काय पुसलं म्हणजे दुसरं मिळतं, हे ते आपलं आपण ओळखायचं. अडचण एवढीच की कुणाही जिवंत माणसाला शेकडो वेळा भरपूर किरणांखाली झोपवता येत नाही. म्हणून कंपनीने परदेशातून प्लास्टिकची नकली डोकी मागवली. ती बंदरावर अडकली. कागदावर 'मानवी डोकी, नग सात' असं लिहिलं होतं आणि अधिकाऱ्यांनी लेखी विचारलं होतं की उरलेली माणसं कुठे आहेत.

"आठ दिवसांत चित्रं गेली पाहिजेत," अधीक्षक पाटणकर तबस्सुमला म्हणाले. "काहीही गोल आण. बाहेरून टणक, आतून पोकळ, आणि न हलणारं."

तबस्सुमने थोडा विचार केला. असं काय असतं हे सांगायला मिरजेत कुणाला फार विचार करावा लागत नाही.

दस्तगीरचाचा तंबोरे करत. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे भाजीचा नव्हे. तो माणसाच्या डोक्याहून चांगलाच मोठा, वर्षभर वाळवलेला, कवटीसारखा टणक. त्यांच्या गल्लीत असे भोपळे दारोदार ओळीने उन्हात बसलेले असतात. तबस्सुमने अब्बांकडून त्यातले सात छोटे मागून घेतले आणि रिक्षाने दवाखान्यात नेले. रिक्षावाल्याने काही विचारलं नाही. दवाखान्याच्या वॉचमनने विचारलं, "पेशंट का?" ती म्हणाली, "हो."

ते खोटं ठरलं नाही. यंत्राला पूर्ण नाव, वय आणि मोबाइल नंबर दिल्याशिवाय ते सुरूच होत नसे. तबस्सुमला त्या घटकेला सातच पुरुषांची नावं वयासकट तोंडपाठ होती. मोबाइल नंबर तिने सगळ्यांना अब्बांचा दिला. सातवा भोपळा जरा देखणा होता. त्याला तिने जुनैद मुजावर, वय एकतीस, असं नाव घातलं. हे सगळं तिने रजिस्टरमध्ये प्रामाणिकपणे लिहिलंही: 'डोकी न आल्याने भोपळे वापरले.' रजिस्टर कुणी वाचत नाही.

सकाळभर तिने एकेका भोपळ्याची कमी किरणांची साठ-साठ चित्रं काढली. दुपारी अब्बा जेवणाचा डबा घेऊन आले. तबस्सुम हात धुवायला गेली आणि परत आली तेव्हा अब्बा यंत्रासमोर मांडी घालून बसले होते, मांडीवर भोपळा, पुढ्यात वर्तमानपत्र.

"अब्बा, काय करताय!"

"अगं, ह्यात बिया हायत की." त्यांनी भोपळ्याच्या देठाकडच्या भोकातून शेवटची बी खरवडून काढली आणि कागदावर टाकली. "बिया ठेवून भोपळा कुणाला द्यायचा नसतो. लोक काय म्हणतील, शिकलगाराच्या घरचा माल खुळखुळतो?"

"हे गाणं म्हणायला नाही आणले!"

"आत्ता नाही. पुढं म्हणतील की."

सातही भोपळे साफ झाले होते. अब्बांनी ते पुन्हा खुणेवर अगदी जसेच्या तसे ठेवले, कारण मोजमापात त्यांची चूक होत नसे. दुपारनंतर तबस्सुमने भरपूर किरणांची तेवढीच चित्रं काढली. सगळी पुण्याला गेली. कंपनीने नावं पुसून 'रुग्ण एक ते सात' केलं आणि निर्मळला शिकवलं. पुण्याहून कौतुकाचं पत्र आलं: इतके शांत रुग्ण आम्ही आजवर पाहिले नव्हते.

*

वर्षभरात निर्मळने मिरजेचं डोकं फिरवलं.

स्कॅन इतका निर्धोक झाला होता की जमिनीतून आणि आभाळातून आठवडाभरात माणसाला आपसूक जेवढी किरणं मिळतात, तेवढ्यात काम भागे. मग लोक सर्दी झाली तरी डोकं स्कॅन करू लागले. चित्रंही काय सुरेख येत! एक दाणा इकडे-तिकडे नाही. लोकांनी ती फ्रेम करून दिवाणखान्यात लावली. लग्नाच्या बायोडेटात रास आणि उंचीच्या खाली 'डोकं: निर्मळ' अशी ओळ आली. एका गृहस्थांनी तर बायकोशी भांडण झाल्यावर स्वतःचा स्कॅन तिच्यासमोर धरला आणि म्हणाले, "बघ, काही नाहीये." ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी."

आणि मग अधीक्षक पाटणकरांना शोध लागला.

माणसाच्या कानात तीन चिमुकली हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं हे शेवटचं हाड शरीरातलं सगळ्यांत लहान, तांदळाच्या दाण्याहून छोटं. पाटणकरांनी निर्मळचे स्कॅन चाळले तेव्हा पहिल्या कानात रिकीब नव्हती. दुसऱ्यात नव्हती. चारशे अकरा माणसांच्या आठशे बावीस कानांत नव्हती. दुसरा कुणी असता तर यंत्र तपासलं असतं. पाटणकरांनी मिरज तपासली. शंभर वर्षं इथे गाणं आहे, वाद्यं आहेत; त्या संस्कारांनी इथल्या माणसाला रिकिबीची गरजच उरली नाही, असा त्यांनी निबंध लिहिला. 'रिकिबीविना श्रवण: मिरजकरांची देणगी' असं त्याचं नाव. तो छापून आला. सत्कार झाला. राजधानीहून पाहणी समिती येणार असं ठरलं. सांगलीत थोडी नाराजी पसरली, कारण सांगलीकरांच्या कानांबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं.

तबस्सुम तेव्हा हसली होती. चारशे अकराव्या माणसापर्यंत हसली होती. चारशे बारावे अब्बा होते.

*

अब्बांचा डावा कान तीन वर्षांपासून जात होता. सावकाश गेला, आणि बोलणं उजव्याने ऐकू येई, म्हणून कुणाला कळलं नाही; पण बारीक सूर त्यांनी जन्मभर डाव्यानेच पारखले होते. त्यांना स्वतःला कळलं ते कामातून.

तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, दोऱ्याचा एक बारीक तुकडा सरकवतात. तो केसभर इकडे-तिकडे झाला की कोरडी ठणठणणारी तार एकदम गुणगुणू लागते, एका तारेतून दहा सूर निघाल्यासारखं वाटतं. ती जवारी. अब्बांची जवारी घेऊन गेलेले गवई परत येत ते फक्त दुसरा तंबोरा न्यायला. ह्या वर्षी मात्र उरसातल्या गाण्यासाठी दिलेला तंबोरा दोनदा परत आला. गवई भला माणूस. म्हणाला, "चाचा, हवा दमट आहे, म्हणून असेल." मे महिना होता.

कानाच्या डॉक्टर आवटी मॅडमनी श्रवणाची चाचणी केली. "चाचा, तुमची नस ठणठणीत आहे. आवाज आत पोचत नाहीये, वाटेत काहीतरी अडलंय. बहुतेक रिकीब जाम झाली असणार. तसं असलं तर अर्ध्या तासाचं काम आहे. ती बदलून बारीकशी तार बसवते, पुन्हा ऐकायला लागाल. फक्त स्कॅनमध्ये मला ते दिसू दे. आंधळेपणाने कानात हात घालणार नाही."

स्कॅन तबस्सुमनेच काढला. निर्मळने तो पुसला आणि अहवाल दिला: 'रिकीब नाही. मिरजकरांस नॉर्मल. कान स्वच्छ.'

अब्बांनी तो कागद दोनदा वाचला. घडी करून खिशात ठेवला. घरी आले आणि कारखान्यात जाऊन त्यांनी पटाशी, कानस, दोऱ्याची रिळं असं एकेक उचलून लाकडी पेटीत भरायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय?" तबस्सुमने विचारलं.

"कान स्वच्छ हाय म्हणतंय यंत्र. म्हणजे बिघाड माझ्यातच हाय." ते हसले. "वय झालं की. तंबोरा परत करून टाकू. सांगू, शिकलगाराचं दुकान बंद झालं."

"मॅडम म्हणाल्या ना, वाटेत अडलंय."

"मॅडमला दिसलं पाहिजे ना ते." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "तू शिकलीसवरलीस. यंत्राला जे दिसतं त्याच्यापुढं माझं काय ऐकायचं?"

तबस्सुमला राग आला, पण तो कुणावर धरावा हे कळेना. यंत्र तिचंच होतं.

तिने कोपऱ्यातला परत आलेला तंबोरा उचलला. "हा खरंच वाईट झालाय?"

"बघ की तूच. लहानपणी शिकवलंय ना." ते बोलले आणि जणू हातानेच त्यांना उठवलं. त्यांनी तार छेडली. मग तंबोरा घेऊन ओसरीवर गेले आणि पुन्हा छेडली. "एका खोलीत ऐकून निकाल द्यायचा नसतो. खोली पण बोलती. दोन्हीकडं जे ऐकू येतं ते तंबोऱ्याचं. एकीकडं येतं, दुसरीकडं नाही, ते खोलीचं. आता मला दोन्हीकडं सारखंच ऐकू येतंय, म्हणजे काहीच नाही. तुला?"

तबस्सुमने स्वतः तार छेडली, आधी खोलीत, मग ओसरीवर. ती ओसरीवर उभीच राहिली. मग म्हणाली, "अब्बा, पेटी उघडी ठेवा," आणि स्कूटीला किक मारून दवाखान्यात गेली.

*

फोटॉन मोजणाऱ्या यंत्राची एक गंमत आहे. ते मोजतं, त्यामुळे वाटणी करता येते. तबस्सुमने अब्बांच्या स्कॅनचे कच्चे आकडे काढले, निर्मळच्या हाती पडण्याआधीचे. येणारा प्रत्येक फोटॉन तिने आळीपाळीने वाटला: पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा डावीकडे. निम्म्यांचं एक चित्र, निम्म्यांचं दुसरं. दोन्ही भयंकर दाणेदार. दोन्हींवर रवाच रवा. पण रवा दोन्हींवर वेगवेगळ्या जागी होता. तो खोलीचा.

डाव्या कानाच्या पोकळीत मात्र एक बारीकसा ठिपका होता. पहिल्या चित्रात होता. दुसऱ्या चित्रातही त्याच जागी होता.

ती रिकीब होती. अब्बांची, स्वतःची, जन्मापासूनची. तिच्या पायथ्याशी मिलिमीटरभर नवं हाड उगवलं होतं आणि त्याने तिला भिंतीशी घट्ट चिकटवून टाकलं होतं.

तबस्सुमने मग आणखी एकाचे कच्चे आकडे काढले. मग दहा जणांचे. सगळ्यांना रिकीब होती. तिने पुण्याला एकच ओळ लिहिली: 'तुमचं सॉफ्टवेअर मिरजेतली हाडं पुसतंय, कुणाला तरी पाठवा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला एक मुलगा आला. चष्मा, पाठीवर बॅग, घामाघूम.

"निर्मळचं काम मीच बघतो. मी जुनैद मुजावर."

तबस्सुमच्या हातातला पेन खाली पडला. तिने तो उचलला नाही.

"इचलकरंजीचे?"

"हो. तुम्ही कसं ओळखता?"

"ओळखत नाही," तबस्सुम म्हणाली. "बसा."

त्याने चित्रं पाहिली. पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "पोकळीत सुटा ठिपका दिसला की हे पुसतंय. हातोडी-ऐरण मोठी आहेत, म्हणून वाचली. पण हे शिकलं कुठे? आम्ही फक्त तुमचे सात रुग्ण दाखवले. मूळ चित्रं आहेत का? नावासकट?"

"नावाची काय गरज आहे?"

"आम्हाला मूळ फाइलच लागते."

तबस्सुमने तीन वेगवेगळ्या प्रकारे टाळून पाहिलं. सर्व्हर बंद आहे म्हणाली, तर सर्व्हर समोर चालू होता. चावी नाही म्हणाली, तर चावी गळ्यात होती. शेवटी तिने फाइल उघडली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

जुनैद वाचत गेला. रुग्ण एक. रुग्ण दोन. सातवर थांबला.

"हा मी आहे," तो म्हणाला.

"योगायोग."

"वय पण माझंच आहे, गेल्या वर्षीचं." त्याने चित्र मोठं केलं. "माझं डोकं पूर्ण रिकामं आहे."

"पूर्ण नाही. नीट बघा."

त्याने नीट पाहिलं. "अकरा... बिया आहेत?"

"भोपळा आहे तो. तंबोऱ्याचा. चांगल्या जातीचा आहे," तबस्सुम घाईने म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यांत देखणा होता तो."

जुनैद फाइल पुन्हा मागे-पुढे चाळू लागला. तबस्सुमला वाटलं, आता हा तक्रार करणार, नोकरी जाणार, आणि अम्मीला कळल्यावर घरातूनही काढतील. जुनैदने सकाळचं चित्र आणि दुपारचं चित्र शेजारी-शेजारी ठेवलं.

"सकाळी अकरा बिया. दुपारी शून्य. कुठे गेल्या?"

तबस्सुमने तोंडावर हात ठेवला.

"अब्बांनी काढल्या," ती म्हणाली. "डबा घेऊन आले होते. त्यांना राहवलं नाही."

निर्मळचा काही दोष नव्हता. त्याला सातही डोक्यांनी एकच धडा दिला होता: टणक कवचातल्या पोकळीत बारीक ठिपका दिसला की तो नॉइज, पुसून टाक. आणि हा धडा ज्याने दिला, त्याच्याच कानातली रिकीब निर्मळने बी समजून खरवडून काढली होती, अगदी शिकवलं तसं, माल खुळखुळू नये म्हणून.

आधी जुनैद हसला. मग तबस्सुम. मग दोघांना थांबताच येईना. बाहेर बाकावर बसलेल्या रुग्णाने दार किलकिलं करून विचारलं, "रिपोर्ट चांगला आलाय का?"

हसू ओसरल्यावर जुनैदने चष्मा पुसला. "मला सांगा, तुम्ही मला भोपळा का केलंत?"

"तुमचे मामा 'कळवतो' म्हणाले होते."

"कोणते मामा?"

तबस्सुमने सांगितलं. शिऱ्यासकट. जुनैदचे कान लाल झाले. रिकिबीसकट असणार.

"मला मामा म्हणाले होते, मुलगी सांगलीची आहे," तो म्हणाला. "आणि ती नाही म्हणाली, असंही म्हणाले."

*

पाटणकरांनी ऐकून घेतलं. तीन वेळा पाणी प्यायले.

"म्हणजे मिरजकरांना रिकीब आहे."

"सगळ्यांना आहे, साहेब. तुम्हालाही आहे."

"निबंध छापून आलाय." त्यांनी पेला खाली ठेवला. "समिती सोमवारी येतेय. निर्मळ दुरुस्त करा, माझी ना नाही. नवे अहवाल बरोबर द्या. पण जुने चारशे बारा बदलायचे म्हणजे मला चारशे बारा वेळा सही करावी लागेल की माझं चुकलं. ते राहू दे. कुणाचं काय अडतंय?"

"माझ्या वडिलांचं अडतंय."

आणि खरंच अडलं. आवटी मॅडमनी कच्ची चित्रं पाहिली, दोन्ही चित्रांतल्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हेच. उद्या करू." त्यांनी मंजुरीचा अर्ज भरला. संगणकाने तो अर्ध्या मिनिटात परत पाठवला: 'सदर अवयव रुग्णास उपलब्ध नाही.' त्यांनी पुन्हा पाठवला. संगणकाने पाटणकरांच्या निबंधाचा दाखला दिला.

"आता?" तबस्सुमने विचारलं.

आवटी मॅडमनी पंचवीस वर्षं नोकरी केली होती. त्यांनी नवा फॉर्म घेतला आणि 'उपचार' ह्या रकान्यात लिहिलं: कानातला मळ काढणे.

"मॅडम, हे खोटं आहे."

"मळ पण काढणार आहे की," मॅडम म्हणाल्या. "आधी तोच काढावा लागतो. नंतर हात लागला म्हणून तार बसली, तर मी काय करू?"

ऑपरेशन टेबलवर चाचा शुद्धीत होते, फक्त कान बधिर केला होता. मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघत होत्या. एकदम त्या म्हणाल्या, "सापडली. चाचा, ही बघा तुमची बी."

"टाकू नका," चाचा म्हणाले. "शिकलगाराच्या घरचं हाय ते."

*

तेराव्या दिवशी कानातला बोळा निघाला. अब्बा दवाखान्यातून थेट कारखान्यात आले, जमिनीवर बसले आणि कपाळाला आठ्या घालून वर बघू लागले.

"हा पंखा कधीपासून कुरकुरतोय?"

"तीन वर्षं," तबस्सुम म्हणाली.

"आणि तुम्ही कुणी बोलला नाही?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला आवडतो."

त्यांनी पंखा बंद केला. मग अम्मीच्या बांगड्या फार वाजतात असं सांगितलं. शेजारचा इस्माईल घोरतो हे सांगितलं. भर दुपार होती आणि इस्माईल दोन घरं पलीकडे राहत होता. गल्लीत कुणीतरी त्यांच्याबद्दल हळूच काहीतरी बोललं, ते त्यांनी मोठ्याने दुरुस्त केलं. मग पेटी ओढली. ती उघडीच होती. दोऱ्याचा तुकडा काढला आणि परत आलेल्या तंबोऱ्याच्या तारेखाली सरकवला. केसभर पुढे. केसभर मागे. पाऊण केस पुढे.

तार गुणगुणली.

ते उठले, ओसरीवर गेले आणि पुन्हा छेडली. दोन्हीकडे तेच. डोळे मिटून हसत ते तिथेच उभे राहिले. तबस्सुमला काही बोलायचं होतं, पण त्यांनी हाताने थांबवलं, कारण त्यांना ऐकायचं होतं.

जुनैदही आला होता. त्याने निर्मळला नव्याने शिकवलं होतं: फोटॉन दोन खोल्यांत वाटून घे, दोन्हीकडे जे आहे त्याला हात लावायचा नाही, एकीकडे आहे तेवढंच पूस. नवी चित्रं आता थोडी दाणेदार येत. कंपनीत काही जण नाराज होते. त्याने भीत-भीत अब्बांना विचारलं, "चाचा, अजून साफ करू का?"

"नको," अब्बा म्हणाले. "लई पुसलंस तर तंबोरा उरणार नाही, डबा उरेल." मग त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच का तो सातवा?"

"हो."

"भोपळा चांगला निघाला बघ तुझा. जाड सालीचा. त्याचाच तंबोरा करतोय मी. तू काय ठरवलंस?"

जुनैदने तबस्सुमकडे पाहिलं. तबस्सुम गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "कळवते."

तिने अडीच मिनिटांत कळवलं. अम्मीने त्या दिवशी केलेल्या शिऱ्याला ह्या वेळी मामांना बोलावलं नाही. उरसात तंबोरा वाजला आणि गवयाने पहिल्या सुरालाच डोळे मिटले. समिती ठरल्या सोमवारीच येऊन गेली होती. पाटणकरांनी त्यांना मिरजेचा कान म्हणून स्वतःचा दाखवला होता.

सगळं आटोपलं असं वाटत असतानाच अब्बांच्या मोबाइलवर संदेश आला: 'प्रिय जुनैद मुजावर, आपल्या डोक्याची फेरतपासणी राहिली आहे.' असे संदेश त्यांना सातही जणांच्या नावाने रोज येत होते. सहा भोपळ्यांनी काही बिघडत नव्हतं. पण लग्नाच्या नोंदणीसाठी जावयाची आरोग्यनोंद मागवली, तेव्हा तीत त्याच्या डोक्याचे एकशे वीस स्कॅन निघाले. शेरा होता: 'पोकळ. दुपारनंतर पूर्ण पोकळ.' तेव्हा दस्तगीरचाचांनी कोरा कागद मागितला आणि तबस्सुमला म्हणाले, "लिही." तो अर्ज असा:

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कृष्णाकाठ रुग्णालय, मिरज.

विषय: रुग्ण क्रमांक सात, श्री. जुनैद मुजावर (भोपळा), यांस घरी सोडणेबाबत.

महोदय,

उपरोक्त रुग्ण मागील वर्षापासून आपल्या रुग्णालयात दाखल असल्याचे नोंदीवरून दिसते. प्रत्यक्षात सदर रुग्ण माझ्या कारखान्यात असून त्यास मान, खुंट्या व चार तारा बसविण्यात आल्या आहेत. त्याची प्रकृती उत्तम असून तो सुरात आहे. त्याच्या डोक्यातील अकरा बिया मी स्वहस्ते काढल्या, याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. त्या बिया परसात लावल्या असून वेल चढला आहे.

घरी सोडण्याच्या फॉर्मवर रुग्णाचा अंगठा आवश्यक असल्याचे आपल्या कार्यालयाने कळविले. सदर रुग्णास अंगठा नाही. याच नावाच्या दुसऱ्या इसमाचा अंगठा चालणार नाही असेही कळविले. तो इसम माझा होणारा जावई असून त्याचे डोके भरलेले आहे, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण मला आता दोन्ही कानांनी ऐकू येते.

सबब विनंती की, रुग्ण क्रमांक सात यास मृत न दाखविता, 'बरा होऊन गाऊ लागला' असा शेरा मारून घरी सोडावे; त्याचा स्वर अंगठ्याऐवजी ग्राह्य धरावा; आणि तो ऐकण्यासाठी आपण स्वतः, शक्यतो पंखा बंद करून, दोन वेगवेगळ्या खोल्यांत समक्ष उपस्थित राहावे.

कळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
दस्तगीर शिकलगार
(डाव्या कानाची रिकीब: एक, तारेची. मूळची डबीत आहे, मागितल्यास दाखवीन.)